हातचा एक: दोन याद्या एकदम गुंडाळणारं फोल्ड२ नेमकं काय करतं

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला, स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ, "मामा हे काय म्हणतंय?" पोरगं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कुठल्याशा छोट्या कंपनीत इंटर्नशिप करतंय आणि तिथे एफ शार्प वापरतात. एफ शार्प म्हणजे मायक्रोसॉफ्टची फंक्शनल (छोटी छोटी फंक्शन्स जोडून काम करणारी) प्रोग्रामिंग भाषा, डॉन साइम यांनी केलेली, ओकॅमल नावाच्या जुन्या भाषेच्या वळणावर गेलेली. स्क्रीनशॉटमध्ये लाल अक्षरात एवढंच होतं की दोन ॲरेंची, म्हणजे याद्यांची, लांबी वेगवेगळी आहे. मी म्हटलं झोप आता, उद्या बघू. तर दहा मिनिटांत परत मेसेज, "झालं मामा! ॲरे.फोल्ड२ काढून सेक.फोल्ड२ टाकलं, चाललं."

ते "चाललं" वाचून माझी झोप उडाली.

का उडाली ते सांगायचं तर आधी फोल्ड म्हणजे काय तिथून सुरुवात करावी लागेल. ज्यांनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिली नाही त्यांनीही वाचा, कारण ही गोष्ट तुम्ही तिसरी-चौथीतच शिकलायत, फक्त नाव वेगळं होतं.

वाण्याची तोंडी बेरीज

जुन्या वाण्याकडे बिल करताना ऐकलंय का कधी? पेन्सिल यादीवरून खाली सरकत असते आणि तोंडाने चालू असतं, "ऐंशी... ऐंशी नि नव्वद एकशे सत्तर... एकशे सत्तर नि साठ दोनशे तीस." त्याच्या डोक्यात एका वेळी एकच आकडा असतो, आत्तापर्यंतची बेरीज. पुढची ओळ वाचली की तो आकडा बदलतो, यादी संपली की जो आकडा उरला ते बिल.

हेच फोल्ड. अख्खी यादी घडी घालत घालत एका आकड्यावर आणायची. डोक्यातल्या त्या आकड्याला प्रोग्रामर ॲक्युम्युलेटर म्हणतात, मी इथे सरळ "बाकी" म्हणतो, वहीतला शब्द आहे आणि जास्त बरोबर बसतो.

फोल्डला तीन गोष्टी द्याव्या लागतात: यादी, दर ओळीला काय करायचं ती कृती, आणि सुरुवातीची बाकी. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात. साध्या बिलात ती शून्य असते म्हणून लक्षात येत नाही, पण उधारीच्या वहीत पहिल्या ओळीला "मागील बाकी ५०" लिहिलेलं असतं ना, तीच ती. यादी अगदी रिकामी असली, म्हणजे या महिन्यात तुम्ही काहीच नेलं नाही, तरी उत्तर येतं, पन्नास. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरून एक मोठी गंमत आहे.

आता दोन रकाने

खऱ्या बिलात मात्र एक यादी नसते, दोन असतात. एकीकडे भाव, दुसरीकडे वजन. कांदा ४० रुपये किलो, बटाटा ३०, लसूण १२०. वजनं २ किलो, ३ किलो, अर्धा किलो. वाणी दोन्ही रकान्यांवर एकेक बोट ठेवतो, दोन्ही बोटं बरोबरीने खाली सरकतात, आणि दर पायरीला भाव गुणिले वजन करून बाकीत मिळवतो. शून्य, मग ऐंशी, मग एकशे सत्तर, मग दोनशे तीस.

दोन बोटं आणि एक बाकी, एवढंच फोल्ड२ आहे. एफ शार्पमध्ये ते साधारण असं दिसतं (अक्षरं देवनागरीत लिहितोय, कंपायलर, म्हणजे कोड तपासून त्याचा प्रोग्राम करणारा, हे घेणार नाही, वाचायला म्हणून घ्या):

ॲरे.फोल्ड२ (फन बाकी भाव वजन -> बाकी + भाव * वजन) ०.० भावयादी वजनयादी

मोठ्याने वाचा: बाकी, भाव आणि वजन मिळालं की नवीन बाकी काय ते कंसात, मग सुरुवातीची बाकी शून्य, मग दोन याद्या. कितवी ओळ चालू आहे, कुठे थांबायचं याचा उल्लेखच नाही, कारण ते सांभाळणं फोल्ड२ चं काम. आणि "ॲरे" म्हणजे ओळीने क्रमांक दिलेले खण, बस, याहून जास्त आत्ता लागत नाही.

हा प्रकार तुम्ही शाळेत केलाय

५८७ अधिक ४६. एकाखाली एक मांडा. सात नि सहा तेरा, तीन लिहा हातचा एक. आठ नि चार बारा आणि हातचा एक तेरा, परत तीन लिहा हातचा एक. पाच, खाली काही नाही, हातचा एक, सहा. उत्तर ६३३.

काय केलंत? दोन याद्या होत्या, ५-८-७ आणि ४-६. दोन्हीवर बोट बरोबरीने सरकलं. आणि पायरीपायरीला एक गोष्ट पुढे नेली, हातचा. खरं तर दोन गोष्टी, हातचा आणि आत्तापर्यंत लिहिलेले आकडे, म्हणजे बाकी हा एकच आकडा असायला पाहिजे असं काही नाही, जोडी असू शकते, अख्खं रजिस्टर असू शकतं. फंक्शनल प्रोग्रामिंग अवघड वाटतं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की बाबा रे तू आठ-नऊ वर्षांचा असताना दोन याद्यांवर जोडीची बाकी घेऊन फोल्ड करत होतास आणि तेही उजवीकडून डावीकडे.

हो, उजवीकडून. एफ शार्पमध्ये त्यासाठी वेगळं फंक्शन आहे, फोल्डबॅक२, ते शेवटून सुरू करतं. त्यात सामानाचा क्रमही उलटा, याद्या आधी आणि सुरुवातीची बाकी शेवटी. पहिल्यांदा वापरणारा हमखास इथे आपटतो आणि मग अर्धा तास टाइपच्या (कुठल्या जागी कुठल्या जातीचा माल चालतो त्याच्या) एररकडे बघत बसतो. मी बसलोय.

आता त्या बेरजेत एक गोष्ट हळूच निसटली. ५८७ ला तीन अंक आहेत, ४६ ला दोनच. याद्या सारख्या नव्हत्या! पण आपण अडलो नाही, पाचाखालच्या रिकाम्या जागेत मनातल्या मनात शून्य धरलं आणि पुढे गेलो. आणि दुसरं, ४६ आपण उजव्या कडेला चिकटवून मांडलं. डावीकडे चिकटवलं असतं, म्हणजे पाचाखाली चार आणि आठाखाली सहा, तर बाईंनी पट्टी मारली असती. उरलेला सगळा लेख या एका निसटलेल्या गोष्टीवरच आहे.

याद्या लहानमोठ्या निघाल्या तर?

गणिताच्या पुस्तकात हा प्रश्न येत नाही, तिथे "समान लांबीच्या" असं लिहून मोकळे होतात. कोडमध्ये मात्र रोज येतो, आणि प्रत्येक भाषेने, कधी कधी एकाच भाषेतल्या दोन फंक्शन्सनी, वेगळं उत्तर दिलंय.

एक घर कडक शिस्तीचं. एफ शार्पचं ॲरे.फोल्ड२ आणि लिस्ट.फोल्ड२, तसंच ओकॅमलचं लिस्टवरचं दोनवालं फोल्ड, लांबी जुळली नाही की सरळ एरर फेकतात. वाणी म्हणतो, शेठ भाव तेवीस आणि वजनं चोवीस, मी बिल करणार नाही, आधी यादी नीट करून आणा.

दुसरं घर, चालतंय की. हॅस्केल नावाच्या भाषेचं झिप, म्हणजे दोन याद्यांच्या जोड्या लावणारं फंक्शन, लहान यादी संपली की गुपचूप थांबतं, उरलेलं सोडून देतं. पायथनचं झिपही तसंच. इतक्या लोकांचे हात त्यात पोळले की पायथन ३.१० मध्ये, २०२१ साली, त्याला "स्ट्रिक्ट" नावाचा वेगळा पर्याय द्यावा लागला, तो लावला तर लांबी न जुळल्यास एरर येतो. लावला तर. मुळातली सवय अजून गुपचूप थांबायचीच आहे.

आणि भाच्याने जे टाकलं ते सेक.फोल्ड२ याच दुसऱ्या घरातलं. एफ शार्प तीच, नाव तेच, काम तेच, पण ॲरेवालं ओरडतं आणि सेकवालं गप्प बसतं. याला कारण आहे. सेक म्हणजे सीक्वेन्स, एकेक माल मागू तसा येणारा प्रवाह, तो कधी कधी न संपणाराही असतो, मग त्याची लांबी आधी मोजणार कशी? तिथे लहानशी थांबणं सोयीचं आहे, १, २, ३... असे कधीच न संपणारे क्रमांक आणि दहा नावांची यादी यांच्या जोड्या लावायच्या असतील तर दहावर थांबलेलंच बरं. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. एरर घालवायला म्हणून ते वापरणं म्हणजे तापमापी फोडून ताप उतरला म्हणण्यासारखं आहे.

तिसरं घर आर भाषेचं, संख्याशास्त्रवाल्यांची लाडकी. ती लहान यादी परत पहिल्यापासून वापरते! सहा आकडे आणि दोन आकडे यांची बेरीज सांगितली तर दोनच आकडे आळीपाळीने तीनदा वापरते, चकार शब्द न काढता. सहा आणि चार दिले, म्हणजे पूर्ण पटीत बसत नाही, तर इशारा देते पण उत्तर तरीही देतेच. ऐकायला वेडेपणा वाटतो पण याचाही उपयोग आहे, पुस्तकाच्या मागे तेरा अंकी आयएसबीएन असतो ना, त्याचा एकेक अंक १ आणि ३ ने आळीपाळीने गुणून सगळ्याची बेरीज केली तर ती दहाने भागली जायला हवी. तिथे १, ३ ही दोनच आकड्यांची यादी फिरवत राहणं छान बसतं, फक्त तेरा ही दोनची पूर्ण पट नाही म्हणून इशारा तेवढा येतो.

आणि चौथं, आपलं शाळेतलं घर, रिकाम्या जागी शून्य धरा. बेरजेला चालतं. गुणाकाराला? शून्य धरलं तर सगळाच सत्यानाश, तिथे एक धरायला हवा.

म्हणजे बरोबर घर कुठलं, तर ते तुमचा माल काय आहे त्यावर. भाषा तुमच्या वतीने ठरवून टाकते आणि बहुतेकांना ठरवलंय हेच माहीत नसतं.

रिकामी यादी आणि ओटीपी

वर म्हटलेली गंमत ही. फोल्डचंच एक भावंड आहे, फॉरऑल२, ते दोन याद्या जोडीजोडीने तपासून सांगतं की सगळ्या जोड्या जुळल्या का. आत काय चालतं तर सुरुवातीची बाकी "हो", आणि एखादी जोडी जुळली नाही की "नाही".

समजा कुणी याने ओटीपी तपासला, तेही सेकवाल्या गप्प घरातलं फॉरऑल२ घेऊन. खरा ओटीपी ४८२१. युजरने टाकला ४८. पहिली जोडी चार-चार जुळली, दुसरी आठ-आठ जुळली, लहान यादी संपली, उत्तर "हो". आता युजरने काहीच टाकलं नाही, रिकामंच पाठवलं. एकही जोडी तपासली गेली नाही, सुरुवातीची बाकी तशीच परत, उत्तर "हो". दार उघडं!

एरर नाही, क्रॅश नाही, आणि टेस्टिंग करणाऱ्याने बरोबर ओटीपी आणि चार अंकी चुकीचा ओटीपी एवढंच तपासलं असेल तर दोन्ही टेस्ट पास. रिकामी यादी तपासून बघा हे मी ज्युनिअर पोरांना इतक्यांदा सांगितलंय की ते आता मला टाळतात.

"पण साधा फॉर लूप काय वाईट होता?"

लूप म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत तेच काम परत परत कर, असं आपण हाताने लिहून देणं. काही वाईट नव्हता. एफ शार्पचं ॲरे.फोल्ड२ आतून उघडून बघितलं तर तिथे लूपच बसलेला आहे, बदलणारी बाकी आणि सरकणारा इंडेक्स (ओळीचा क्रमांक) सकट. फरक हा की तो एकदाच लिहिलाय, सगळ्यांसाठी, आणि तुम्ही लिहिलेला नाही.

लूप लिहिताना शून्यापासून की एकपासून, लांबीपर्यंत की लांबी उणे एकपर्यंत, आणि कुठल्या यादीची लांबी, हे दरवेळी ठरवावं लागतं. वाचणाऱ्यालाही अख्खा लूप वाचल्याशिवाय कळत नाही की मधेच कुठे उडी मारलीय का, मागे गेलाय का. फोल्ड२ म्हटलं की वाचणारा निर्धास्त, दोन बोटं बरोबरीने, एकदाच, टोकापासून टोकापर्यंत.

हा वाद जुना आहे. जॉन बॅकस, म्हणजे ज्यांच्या टीमने १९५७ मध्ये फोर्ट्रान भाषा आणली आणि जगाला लूप लिहायला लावले तेच, त्यांना १९७७ चं ट्युरिंग अवॉर्ड, संगणकशास्त्रातला सर्वात मानाचा पुरस्कार, मिळालं तेव्हा भाषणात त्यांनी आपल्याच प्रकारच्या भाषांवर टीका केली. आणि उदाहरण कुठलं घेतलं माहितीये? हेच, दोन याद्या, जोडीजोडीने गुणा आणि बेरीज करा. लूप घेऊन लिहिलेलं आधी दाखवलं आणि मग म्हणाले याचं खरं रूप तीनच टप्प्यांचं आहे: जोड्या लावा, प्रत्येक जोडीला गुणा, मधे अधिकचं चिन्ह पेरा. त्यांनी या शेवटच्या टप्प्याला दिलेलं नाव "इन्सर्ट", आपलं फोल्डच ते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांना फोल्ड (तिकडे त्याला रिड्यूस म्हणतात) फारसं आवडत नव्हतं, बेरीज-गुणाकार सोडला तर वाचताना कागद-पेन घ्यावं लागतं असं त्यांचं म्हणणं, आणि पायथन ३ मध्ये ते मुख्य भाषेतून काढून एका मॉड्यूलमध्ये ठेवलं गेलं. मला हे अर्धं पटतं. कंसातली कृती दोन ओळींच्या वर गेली, आत तीन-तीन इफ, म्हणजे अटी, आल्या, तर फोल्डचा हट्ट सोडावा.

"आधी झिप करून मग साधं फोल्ड केलं तर?"

उत्तर तेच येतं. फक्त मधे जोड्यांची एक आख्खी नवी ॲरे तयार होते. तीन भाज्यांना काय फरक पडतो, पण दहा लाख ओळी असतील तर एफ शार्पमध्ये दहा लाख जोड्या मेमरीत तयार करायच्या, एकदा वाचायच्या आणि फेकून द्यायच्या. लग्नात पाहुण्यांना रांगेत उभं करून प्रत्येकाला टोकन द्यायचं आणि चार पावलांवर काढून घ्यायचं, तसं. फोल्ड२ टोकन देत नाही.

डावीकडून की उजवीकडून, फरक पडतो?

पूर्णांकांच्या बेरजेला नाही. वजाबाकीला पडतो, हे उघड आहे. पण दशांश अपूर्णांकांच्या बेरजेलाही पडतो. कॉम्प्युटरला ०.१, ०.२ आणि ०.३ द्या, पहिले दोन आधी मिळवले तर ०.६००००००००००००००१ येतं, शेवटचे दोन आधी मिळवले तर ०.६. कारण हे आकडे कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या पद्धतीत नेमके मावत नाहीत, कुठेतरी घासाघीस होते. म्हणून व्यवहाराचा हिशोब डेसिमल टाइपमध्ये (दशांश जसेच्या तसे ठेवणाऱ्या) करा किंवा रुपयांऐवजी सरळ पैशांत, पूर्णांकात.

एआयवाल्या बातम्यांशी याचा काय संबंध?

थेट. एआय दोन वाक्यांचा अर्थ जवळचा आहे का हे ठरवतं म्हणे, ते कसं, तर प्रत्येक वाक्याची आकड्यांची एक लांब यादी करतं आणि मग दोन याद्या जोडीजोडीने गुणून बेरीज घेतं (नंतर थोडं मोजमाप सारखं करतात, ते सोडा). म्हणजे वाण्याचंच बिल, फक्त रकाने लांब. ओपनएआयच्या एका प्रसिद्ध मॉडेलची यादी १५३६ आकड्यांची असते, गूगलच्या मूळ बर्ट मॉडेलच्या छोट्या आवृत्तीची ७६८.

आता चुकून एका मॉडेलची यादी दुसऱ्या मॉडेलच्या यादीशी ताडून बघितली तर? कडक घरात लगेच एरर. गप्प घरात पहिल्या ७६८ जोड्या गुणल्या जातील आणि एक व्यवस्थित आकडा येईल, ०.३१ की असाच काहीतरी, ज्याला काडीचाही अर्थ नाही. तो आकडा बघून कुणाला संशयही येणार नाही, कारण या आकड्यांना चव नसते, किलोभर कांद्याचे चारशे झाले तर गिऱ्हाईक भांडेल, इथे कोण भांडणार? पायथनमधली नमपाय लायब्ररी असा गुणाकार-बेरीज करताना लांबी जुळली नाही की अडवते, हे त्यातल्या त्यात बरं.

कंपायलरलाच आधी पकडता येत नाही का, असं कुणी विचारेल. एफ शार्पमध्ये नाही, तिथे तीन खणांची ॲरे आणि तीस खणांची ॲरे यांचा टाइप एकच. इड्रिससारख्या भाषा आहेत ज्यात लांबी टाइपमध्येच लिहिता येते, मग न जुळणाऱ्या याद्या दिल्या तर प्रोग्राम तयारच होत नाही. रोजच्या नोकरीत मात्र ती भाषा वापरणारं ऑफिस मी अजून पाहिलेलं नाही.

मग मुळात दोन याद्या ठेवल्याच कशाला?

परत भाच्याकडे. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बसलो. किराण्याची घाऊक ऑर्डर, वजनं चोवीस, भाव तेवीस. मी म्हटलं एक भाव कुठे गेला? तो म्हणाला, "शेवटचाच नसेल मामा, एक आयटम तर राहिला." फाईल उघडली. सातवी ओळ, सुकं खोबरं, भावाचा रकाना रिकामा. आणि त्याच्या कोडमध्ये वरतीच एक ओळ, रिकामे भाव गाळून टाका.

झालं ना. पहिल्या सहा ओळी ठीक. सातवीपासून खोबऱ्याच्या वजनाला जिऱ्याचा भाव, जिऱ्याच्या वजनाला मोहरीचा, असं तेविसाव्या ओळीपर्यंत सतरा आयटम एकेक घर सरकलेले, आणि चोविसावी हळद बिलातून गायब. अगदी ४६ डावीकडे चिकटवून मांडल्यासारखं. एकूण रकमेकडे बघितलं तर साडेतीनशे रुपयांचा फरक, चुका एकमेकीत जिरल्या होत्या, रकमेवरून कुणाच्याच लक्षात आलं नसतं.

पोरगं थोडा वेळ गप्प बसलं, मग त्याने भाव आणि वजन एकाच रेकॉर्डमध्ये बांधले, नाव, भाव, वजन, एका आयटमचं एक गाठोडं. भाव नसेल तर तेवढं गाठोडं बाजूला काढून वेगळी यादी, दुकानदाराला दाखवायला. आता ॲरे एकच, सरकायला दुसरं काही नाहीच. वेगासाठी मुद्दाम भाव वेगळे आणि वजनं वेगळी ठेवणारे लोक असतात, त्यांना खरंच फोल्ड२ लागतं, चोवीस आयटमच्या बिलाला नाही.

"म्हणजे मामा फोल्ड२ लागतच नव्हतं?"

"नव्हतं."

"मग काल रात्री सांगायचं ना."

काल रात्री मी झोप म्हणालो होतो.